छावणी सोडून निघावं लागतं तेव्हा: सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाण्याची इंजिनिअर. सोलापुरात वाढले, इथेच शिकले. पूर्व काँगोतल्या गोमा शहराबाहेर एका छावणीत, एका मदतसंस्थेसाठी पाणीपुरवठ्याचं काम करत होते. २०२५ च्या जानेवारीत बंडखोर शहराच्या वेशीवर आले आणि आम्हाला बाहेर काढण्यात आलं. परत आल्यापासून नर्सिंगच्या मुली, इंजिनिअरिंगची मुलं, कॉलनीतल्या काकू, माझी आत्या असे सगळे जवळपास तेच प्रश्न विचारतात. तोंडी उत्तर देताना अर्धं राहून जातं, म्हणून इथे नीट लिहून काढते आहे. संस्थेचं आणि सहकाऱ्यांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

गोमात नेमकं काय झालं?

गोमा हे काँगोच्या पूर्व टोकाचं शहर. एका बाजूला किवू सरोवर, मागे न्यिरागोंगो ज्वालामुखी आणि वस्ती संपते तिथेच रवांडाची हद्द. या भागात एम२३ नावाची बंडखोर संघटना आहे. २३ मार्च २००९ ला सरकारबरोबर झालेला करार पाळला गेला नाही, असं म्हणत ही मंडळी उठली. नावातली तारीख तीच. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी गोमा घेतलं होतं आणि दीडएक आठवड्यात सोडलं होतं. २०२१ च्या अखेरीला ती पुन्हा उभी राहिली. रवांडा त्यांना सैन्य आणि शस्त्रं पुरवतं, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी अहवालांत वारंवार नोंदवलंय. रवांडा ते नाकारत आलंय.

गावं जळत गेली तशी माणसं गोमाकडे सरकत आली आणि शहराभोवती लाखोंच्या छावण्या उभ्या राहिल्या. २३ जानेवारीच्या सुमारास साके पडलं. ते गोमापासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर, म्हणजे आपल्याकडे मोहोळ पडल्यासारखंच, त्याहूनही जवळ. २७ जानेवारीला बंडखोर गोमात शिरले, फेब्रुवारीच्या मध्यावर सरोवराच्या दक्षिण टोकाचं बुकावू शहरही गेलं.

तुम्ही ‘विस्थापित’ म्हणता, पेपरात ‘निर्वासित’ लिहितात. फरक काय?

देशाची सीमा ओलांडून जीव वाचवायला आलेला तो निर्वासित. स्वतःच्याच देशात घरदार सोडावं लागलेला तो विस्थापित. निर्वासितांसाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि त्यांना धोक्यात परत ढकलायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. विस्थापितांना तसं बळकट कवच नाही, कारण कागदोपत्री ते आपल्याच सरकारच्या भरवशावर असतात. २०२५ मध्ये गोमाभोवतीचे बहुतेक लोक विस्थापित होते. १९९४ मध्ये मात्र याच जमिनीवर रवांडातून आलेले निर्वासित होते. तंबूत राहणाऱ्या बाईला या शब्दांनी फरक पडत नाही, पण तिला परत हाकलताना कोण आडवं येऊ शकतं, ते याच शब्दांवर ठरतं.

निघायचं हे ठरवतं कोण?

आपण नाही. ही गोष्ट घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. संयुक्त राष्ट्रांचा प्रत्येक देशात सुरक्षेसाठी जबाबदार असा एक वरिष्ठ अधिकारी असतो. कोणतं काम जीव वाचवणारं, कोणतं थांबवता येण्यासारखं, याची यादी आधीच केलेली असते. थांबवता येण्यासारख्या कामातले लोक आधी निघतात, मग यादी आखडत जाते. बाकीच्या संस्था आपापला निर्णय घेतात. शब्दही ठरलेले आहेत: हायबर्नेशन म्हणजे जागेवरच दार लावून, पाणी-शिधा साठवून दबून राहायचं, रिलोकेशन म्हणजे देशातच सुरक्षित गावी हलायचं, इव्हॅक्युएशन म्हणजे सीमेपार. आम्ही या तिन्ही पायऱ्या चार दिवसांत उतरलो.

हे नियम असे काटेकोर होण्यामागे १९ ऑगस्ट २००३ आहे. त्या दिवशी बगदादच्या कॅनाल हॉटेलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बाँब फुटला. त्यात तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण गेले.

शेवटचा दिवस कसा होता?

हा प्रश्न मुली विचारतात, मोठी माणसं विचारत नाहीत.

सकाळी सहाला मी नळकोंडाळ्यावर होते. रांगेत पिवळे कॅन. वीस लिटरचा हा कॅन तिथे घराघरात असतो, आपल्याकडे स्टीलचा हंडा असायचा तसा. बायका मागे नसल्या तरी त्यांचे कॅन रांगेत नंबर धरून उभे असतात. त्या दिवशी कुणी नंबरावरून भांडलं नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. पश्चिमेकडून तोफांचे आवाज येत होते. साकेच्या रस्त्याने गाद्या, कोंबड्या, पातेली घेऊन नवी माणसं येतच होती. काहींनी सामान चुकुडूवर लादलेलं. चुकुडू म्हणजे लाकडाची दोनचाकी ढकलगाडी, गोमाच्या चौकात तिचा पुतळासुद्धा आहे.

दहाला फोन आला: दुपारी दोनला गाडी, प्रत्येकी एक बॅग. माझ्या हातात चार तास होते. मी बॅग भरली नाही. आमचे पंपचालक, वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास, त्यांना घेऊन कोठीत गेले. क्लोरीन पावडरचे ड्रम मोजले. किती ड्रम, दिवसाला किती लागेल, टँकर बंद पडले तर कुठून सुरुवात करायची, हे रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घेतलं, कारण माझं फ्रेंच अक्षर त्यांना लागत नाही. क्लोरीन तपासायच्या गोळ्यांची पाकिटं दिली. जनरेटरसाठी डिझेल किती उरलंय ते काठी बुडवून पाहिलं. मग किल्ली दिली.

ते मला काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, पगाराचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा माझ्या संस्थेवरचा माझा राग आहे आणि तो मी त्यांना लेखी कळवलाय. आमच्या जाण्याचं नियोजन पानोपानी तयार होतं, पण मागे राहणाऱ्यांचा आगाऊ पगार त्या सकाळपर्यंत कुणाच्या टेबलावरून हललेला नव्हता. नंतर गोमातल्या बँका बंद झाल्या. पैसे पोचायला जे आठवडे गेले, ते आमच्यामुळे गेले.

दुपारी रवांडाच्या नाक्यावरून पायी पलीकडे गेलो. आईने गड्ड्याच्या जत्रेचे फोटो पाठवले होते, ते मी सीमेपलीकडच्या गिसेन्यी गावात फुटपाथवर बसून पाहिले.

तुम्ही निघालात, तिथल्या स्थानिक सहकाऱ्यांना का नाही नेलं?

मला जी एकच गोष्ट सांगायची आहे ती या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

‘मदत कर्मचारी माघारी’ अशी बातमी येते तेव्हा वाटतं, छावणी ओस पडली. तसं होत नाही. मदतकार्यात राबणाऱ्यांपैकी बहुसंख्य त्याच देशाचे असतात: नर्स, ड्रायव्हर, कोठीवाले, दुभाषे, पंपचालक. परदेशी माणसं मूठभर. नियम साधारण असा, की परक्या देशातून आलेल्याला सीमेपार काढायची जबाबदारी संस्थेची. स्थानिकाला फार तर देशातल्या देशात हलवलं जातं, रजा आणि आगाऊ पगार दिला जातो. कारण सांगतात ते असं: त्याचं घर इथेच, कुटुंब इथेच, सीमा ओलांडली तर तो स्वतःच निर्वासित होईल. कारण खोटं नाही. पण गाडीत चार सीट असतात आणि पासपोर्ट पाहून त्या भरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जिवाची किंमत तेच मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले. त्यातले बहुतेक स्थानिक होते.

म्हणून ‘संस्था पळाली का?’ हा प्रश्न मला पुरेसा वाटत नाही. निघण्याआधी मागे राहणाऱ्यांच्या हातात काय ठेवलं, ते विचारा. किल्ली दिली का? साठा किती दिवसांचा होता? पगार आगाऊ झाला का? निर्णय घ्यायचा अधिकार दिला, की नैरोबीतल्या वरिष्ठांकडे ई-मेलवर परवानगी मागायला लावली? आजारी पडला, गोळी लागली तर त्याचा विमा चालतो का? ही पाच उत्तरं धड असतील, तर परदेशी माणूस गेल्यावरही छावणी चालते. नसतील, तर माणूस थांबूनही फारसं काही होत नाही.

माणसं निघाल्यावर पाण्याचं काय होतं?

सोलापूरकरांना हे समजावायला सोपं जातं. आपल्याकडे वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी नळ आलाय. उजनीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून यायचं, मध्ये वीज गेली, पाइप फुटला की एक दिवस पुढे ढकललं. म्हणून प्रत्येक घरात बॅरल, हौद, गच्चीवर टाकी. पाणी ‘येणं’ म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

छावणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर हा जगभर मानलेला हिशेब. पिणं, स्वयंपाक, धुणं, अंघोळ सगळं त्यातच. आणि घरात साठवायला एक-दोन पिवळे कॅन, बस. म्हणजे पुरवठा दोन दिवस थांबला की साठा शून्य. गोमाची जमीन लाव्हाची. विहीर खणता येत नाही, संडासाचा खड्डासुद्धा पहार मोडून होतो. पाणी सरोवरातून उपसायचं, क्लोरीन टाकायचं, पाइपने किंवा टँकरने न्यायचं. सगळी साखळी विजेवर.

जानेवारीत लढाईत वीज तुटली आणि पाण्याचे पंप थांबले. लाखो लोक कॅन घेऊन थेट सरोवरावर गेले. सरोवराचं पाणी दिसायला स्वच्छ, निळंशार. कॉलरा त्यातच.

गोमाने कॉलरा काय असतो ते पाहिलेलं आहे. जुलै १९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर चार-पाच दिवसांत पाच ते आठ लाख निर्वासित इथे आले. आपल्या सोलापूर शहराची २०११ ची लोकसंख्या साडेनऊ लाख; त्यावरून डोळ्यांसमोर आणा. पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० माणसं कॉलरा आणि हगवणीने गेली. लाव्हात खड्डे खणता येत नव्हते म्हणून प्रेतं रस्त्याकडेला चटईत गुंडाळून ठेवलेली असायची.

२०२५ मध्ये आमच्या पंपचालकांनी काय केलं ते सांगते. पाइप बंद म्हटल्यावर त्यांनी क्लोरीनचा ड्रम चुकुडूवर घालून सरोवराच्या काठावर नेला. छावणीतल्याच चार पोरांना शेजारी उभं केलं. बादलीत पातळ द्रावण, हातात इंजेक्शनची सुई काढलेली सिरिंज. बाई कॅन भरून वर आली की तिच्या कॅनमध्ये सिरिंजने ठरलेले मिलिलिटर सोडायचे, हलवायचं, अर्धा तास थांबायला सांगायचं. वेळ नसलेल्या बाईला अर्धा तास थांबवणं हे त्यातलं खरं काम. हे त्यांना कुणी ई-मेलने सांगितलं नव्हतं.

बंडखोर आल्यावर छावणीत मदत चालू राहू शकते का?

राहू शकते, कधी कधी राहतेही. त्यासाठी बंडखोरांशी बोलावं लागतं. याला आपल्याकडे लगेच ‘त्यांना सामील’ म्हणतात. पण रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी न बोलता औषधाचा ट्रक पुढे जात नाही.

आमच्या बाबतीत घात वेगळ्याच दिशेने झाला. फेब्रुवारीत एम२३ ने छावण्यांतल्या लोकांना गावी परत जायला सांगितलं, ७२ तासांची मुदत पडली, मग ‘स्वेच्छेने’ असा खुलासा आला. तोवर लोक तंबूंच्या ताडपत्र्या सोडून निघालेसुद्धा होते. काही दिवसांत छावण्या रिकाम्या झाल्या. ज्यांची घरं जळलेली होती ते शाळा आणि चर्चमध्ये राहिले.

निघून जाणं सपशेल चुकलं, असं कधी झालंय?

हो. आपल्या शेजारीच. सप्टेंबर २००८ मध्ये श्रीलंकेच्या सरकारने वन्नी भागात सुरक्षेची हमी देणार नाही असं सांगितलं आणि संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी किलिनोच्चीतून निघाले. तमिळ लोक कचेरीच्या फाटकाबाहेर जमले होते, जाऊ नका म्हणून विनवत होते. एकीकडे लष्कर, दुसरीकडे लोकांना बाहेर न सोडणारे तमिळ वाघ, आणि पुढच्या महिन्यांत हजारो नागरिक मारले गेले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत चौकशीने हे गंभीर अपयश असल्याचं मान्य केलं. मला त्यातली सगळ्यात मोठी चूक वाटते ती मौनाची: निघाल्यावर तिथे काय चाललंय हे मोठ्याने सांगायला हवं होतं.

गोमाचंही १९९६ चं उदाहरण आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लढाईमुळे मदत कर्मचाऱ्यांना बाहेर काढलं आणि लाखो निर्वासित दोन आठवडे कुणाच्याही नजरेआड राहिले. १५ नोव्हेंबरपासून काही दिवसांत पाचेक लाख लोक रांगेने रवांडात परतले. बरेचसे उलट दिशेने जंगलात गेले आणि त्यातले कित्येक परत दिसलेच नाहीत.

आणि निघणं योग्य होतं, असं?

१९९४ च्या अखेरीला ‘सीमारहित डॉक्टर्स’ (एमएसएफ) या वैद्यकीय मदतसंस्थेची फ्रेंच शाखा पूर्व काँगोतल्या रवांडन निर्वासितांच्या छावण्यांतून स्वतःहून बाहेर पडली. नरसंहार करणारेच छावण्या चालवत होते आणि मदतीचं धान्य त्यांचं सैन्य पोसत होतं. हा निर्णय योग्य होता, असं मला वाटतं. पण पोरांना सलाइन लावणाऱ्या नर्सला तो कसा वाटला असेल, हेही मला कळतं.

सुदानमधल्या झमझम छावणीतून याच संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये काम थांबवलं, कारण रुग्णापर्यंत पोचणंच अशक्य झालं होतं. दुसऱ्या एका संस्थेचा दवाखाना तिथे चालू राहिला. ११ एप्रिलला आरएसएफ या निमलष्करी दलाने छावणीवर हल्ला केला आणि त्या दवाखान्यातले नऊ कर्मचारी मारले गेले. कोण बरोबर होतं असं मला कुणी विचारू नये.

डॉ. कोटणीस तर थांबले होते. मग तुम्ही का नाही?

सोलापुरात हे येणारच. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, शाळेत असताना आम्हाला रांगेने नेलं होतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे चौघे परतले, ते राहिले. चिनी भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, कॅनडाचे सर्जन डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे आणि गिसेन्यीच्या फुटपाथवर मला त्यांची आठवण आली होती, हे कबूल करते.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ते लढणाऱ्या एका सैन्याचे डॉक्टर झाले होते. ते सैन्य हललं की तेही त्याच्याबरोबर हलत. आम्हाला कुठल्याच बाजूचं होता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना आम्ही नकोसे झालो की मागे कुणाचं सैन्य नसतं. दुसरं, मी थांबले असते तर मला सांभाळायचं ओझं माझ्या पंपचालकांवरच पडलं असतं. परदेशी बाई लपवून ठेवलेलं घर सगळ्यात आधी झडतीला येतं.

कोटणीसांशी तुलना करायचीच तर माझ्याशी करू नका. जे तिथल्या भाषेत बोलतात, तिथेच राहतात आणि थांबले, त्यांच्याशी करा.

तिथे भारतीय सैनिक आहेत ना? ते सांभाळत नाहीत का?

आहेत, उत्तर किवूत भारतीय शांतिसैनिक कित्येक वर्षं आहेत आणि गोमात भारतीय लष्कराचं रुग्णालयही आहे. रस्त्यात कुणी मराठी बोलणारा जवान भेटला की दिवस चांगला जायचा. पण शांतिसेना प्रत्येक छावणीच्या दारात उभी राहू शकत नाही, आणि आमच्यासारख्या संस्था सहसा बंदूकधारी गाडीमागून जात नाहीत. एकदा गेलं की पुढच्या वेळी आपण त्याच बाजूचे ठरतो.

आम्ही सोलापुरी चादरी गोळा करून पाठवू का?

एका काकांनी खरंच दोनशे चादरींची तयारी दाखवली. गोमा उंचावर आहे, रात्री थंडी पडते, पांघरूण लागतंच. तरीही मी नको म्हणाले. विमानतळ तेव्हा बंद, सीमेवर कागदपत्रं, ट्रकभाडं; चादरीच्या किमतीपेक्षा वाटखर्च जास्त. तेवढ्या पैशात जवळच्या बाजारात दुप्पट पांघरुणं मिळतात आणि तिथला व्यापारीही जगतो. द्यायचेच तर पैसे, आणि देताना वरचे पाच प्रश्न विचारून.

माझी मुलगी अशा कामाला जायचं म्हणते. जाऊ देऊ का?

मावशी, तिला अडवू नका, पण मुलाखतीला जाताना तिच्याकडे प्रश्नांची यादी असू द्या. सुरक्षेचं प्रशिक्षण नोकरीवर रुजू होण्याआधी देता का? बाहेर काढायची वेळ आली तर निर्णय कोण घेतं, आणि मी ‘आत्ताच निघायचंय’ म्हटलं तर नोकरीवर बालंट येईल का? परतल्यावर मानसोपचाराचा खर्च कोण करतं? (हा प्रश्न विचारायला लाजू नका. मला स्वतःला परतल्यावर दोन महिने नळाच्या आवाजाने झोप मोडायची.) आणि माझ्या हाताखालच्या स्थानिक माणसांसाठी तुमची योजना काय? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर संस्था दुसरी शोधा.

तुम्ही परत जाणार का?

पंपचालकांशी आठवड्यातून एकदा बोलणं होतं. छावणी उठली तशा आमच्या टाक्याही गेल्या. कोठीचं कुलूप तोडलेलं होतं, पण त्याआधीच त्यांनी निम्मे ड्रम स्वतःच्या घरी, पलंगाखाली नेऊन ठेवले होते. आता ते साकेकडच्या एका शाळेत पाण्याचं बघतात. तिथे परतलेली काही कुटुंबं राहतात. आमच्या संस्थेने त्यांना पुन्हा कामावर घेतलंय, या वेळी प्रमुख म्हणून.

मी जाईन ती त्यांनी बोलावलं तर, त्यांच्या हाताखाली. मागच्या आठवड्यात विचारलं, येताना काय आणू? म्हणाले, क्लोरीन तपासायच्या गोळ्या, निदान पाचशे, आणि जाड वह्या. जुनं रजिस्टर भरलंय.